कडं

वेताचं कडं, त्याला चामड्याची पिशवी,
पिशवीत पोलादी गोळा, मोसंबीएवढा.
तो ज्याच्या हाती, रूळ त्याचा,
पुढच्या स्टेशनापर्यंत दुसऱ्या कुणाचाही नव्हे.
काले स्टेशनवर एवढं सगळ्यांना ठाऊक होतं,
मास्तरांच्या कुत्र्यालासुद्धा.

माझे वडील, शाबी, तिथे पॉइंट्समन.
रोज पहाटे चारला कुळ्याकडून मालगाडी यायची,
घाट उतरून तापलेली, ब्रेकना करपट वास.
ती थांबत नसे.
बाबा फलाटाच्या टोकाला उभे राहत,
कंदील पायाशी,
डाव्या हातानं फेकलेलं कडं झेलत,
उजव्यानं नवं वर धरत.
हुसेनसाब डायव्हर धावत्या इंजिनातून दंड बाहेर काढी
आणि ते कोपरात अडकवी, बांगडी भरावी तसं.
अकरा वर्षं.
एकदाही खाली पडलं नाही.

त्या पहाटे मार्गशीर्षातलं धुकं.
आदल्या दिवशी जुन्या गोव्याचं फेस्त,
म्हणून एक जादा गाडी सावर्ड्याहून सुटली होती,
लोंढ्याच्या, कासलरॉकच्या माणसांची,
मांडीवर खाज्यांच्या पुड्या, पोरं झोपलेली.
गोळा तिच्याकडे होता,
इनासच्या इंजिनात, खिळ्याला.
मास्तरांनी बाबांना सांगितलंही होतं,
आज मालगाडी थांबव.
बाबांनी मान हलवली होती.

मग शिटी आली.
सिग्नल पाडलेला होता
आणि तो पाडणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं.
उजवा हात वर गेला.

मोकळी पिशवी किती हलकी असते
ते हुसेनसाबला कोपरात कळलं असेल का?
पिशवी उघडून बघायची, असा नियम.
पण अकरा वर्षं ज्यानं दिलं
त्याच्या हातचं कोण उघडून बघतं?

शेवटच्या डब्याचा तांबडा दिवा धुक्यात विरला
तेव्हा बाबा जागे झाले.
धावले, रुळांमधून, अनवाणी, कंदील हलवत.
गाडीच्या मागून धावणारा माणूस
डायव्हरला कसा दिसणार.
दोन शिट्या ऐकल्या त्यांनी,
त्यातली एक ओळखीची.
मग एकच आवाज.
मग वाफ. उजाडेपर्यंत वाफ.

शेतांतून लोक आले, चुडत्या पेटवून.
ओढ्याच्या कडेनं खाजी विखुरलेली.
बाबांनी गवतातून एक हात उचलला
आणि होते तिथेच बसले.
मेणाचा होता. नवसाचा.
इगर्जीत गर्दी असेल, वाहायचा राहून गेला असेल.
नंतरचे हात मेणाचे नव्हते.

मडगावात चौकशी.
पोर्तुगीज साहेब, छताला पंखा, एक दुभाषी.
बाबा म्हणाले,
"हात फुडें गेलो, साहेबा. हांव मागीर पावलों."
दुभाष्यानं जरा विचार केला
आणि एकच शब्द सांगितला.
लेखनिकानं तो नीट, वळणदार लिहिला.
त्या शब्दाचे तीन वर्षं तुरुंग.
पिशवी न तपासल्याचा ठपका हुसेनसाबवर.
तो मेलेला,
म्हणून त्याची बायको ठपका घेऊन धारवाडला गेली.

मी जन्मलो ते हे सगळं झाल्यावर.
माझ्या आठवणीतले बाबा
कुणालाही काही देताना आधी उघडून बघत.
माझा शाळेचा डबा,
पोस्टात टाकायचं पाकीट,
शेजारच्या फेलिसिदादला परत करायची तिचीच वाटी.
झाकण काढायचे, आत बघायचे, मग द्यायचे.
आई चिडायची, पोराला उशीर होतोय म्हणायची.
ते ऐकायचे,
आणि पुन्हा एकदा उघडायचे.

रूळ आता रुंद झाले.
गोळे कुठल्या भंगारात गेले, ठाऊक नाही.
बाबा गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी
चुलतभावानं अस्थींचं मडकं माझ्या हाती दिलं,
तोंडाला पांढरं फडकं, पक्कं आवळलेलं.
भटजी घाई करत होते,
होडीवाला पाण्यात उभा.
मी गाठ सोडली.