निकामी

चौतीस वर्षं माझ्या हातात मार्किंगचा हातोडा होता.
छातीच्या उंचीला साल तासायची, आणि एक ठोका.
ठोक्याखाली सरकारचं अक्षर उमटे
आणि त्या दिवसापासून झाडाचं लाकूड होई.

वहीत रकाने: जात, घेर, उंची, शेरा.
शेऱ्यात मी वळणदार अक्षरात लिही:
पोकळ. निकामी. काढून टाकणे.
वीज पडलेला धावडा, निकामी.
शेंड्याकडून वाळत आलेली सालई, निकामी.
आणि खालच्या नाल्यातला तो म्हातारा अंजन,
ज्याच्या पोटात हात कोपरापर्यंत जाई,
त्याला तर दोनदा लिहिलं,
पहिल्या वेळी शाई फिकी उतरली म्हणून.

मग रिटायर झालो. शिरपूरला घर बांधलं.
वह्या माळ्यावर गेल्या, गुडघे डॉक्टरकडे.

मागल्या माघात नूतन वळवी दारात.
पोरगी अक्कलकुव्याकडची, गळ्यात दुर्बीण.
म्हणाली, काका, रानपिंगळा शोधतेय.
त्याला घरटं कोरता येत नाही,
झाडानेच आधी पोकळ व्हावं लागतं.
तुम्हाला पोकळ झाडं ठाऊक असतील?

मी माळ्यावर चढलो.

तोरणमाळच्या पायथ्याला आठवडाभर हिंडलो,
वही तिच्या हातात, काठी माझ्या.
नोंदी एकसष्ट.
साठ ठिकाणी थोटकं, नाहीतर थोटकाचा खड्डा,
एका खड्ड्यात तर कोणी ज्वारी पेरलेली.
माझं अक्षर फारच वाचनीय होतं.

एकसष्टावा तो अंजन.
नाल्यात उभा, तांबूस पालवी नुकती फुटू लागलेली,
पोट तसंच उघडं.
नूतनने पान उन्हाकडे धरलं.
दोन्ही नोंदींवर कारकुनाची लाल रेघ:
'दुबार. रद्द.'
त्याने एक ठेवून एक खोडायची होती.
घाईत दोन्ही खोडल्या.

तेवढ्यात वरच्या उघड्या फांदीवर,
भर दुपारी, टळटळीत उन्हात,
वीतभर अंगाचा एक जीव शेपूट डावी-उजवी झटकत बसलेला.
डोक्यावर ठिपका नाही.
पायांत पांढरी पिसं, लहान मुलाच्या लेंग्यासारखी.
चोचीत सरडा.
आमच्याकडे बघून घेतलं त्याने, मग ढोलीकडे.
आतून कोणीतरी सरडा ओढून घेतला.
नूतन रडत होती की दुर्बिणीची काच पुसत होती,
मी विचारलं नाही.

चौतीस वर्षांत माझ्या हातून
एकच काम नीट झालं,
तेही दुसऱ्याच्या चुकीने.

पाड्यावर रेलतीबाई पावरा यंदा
मोहाखाली आग लावत नाही.
फुलं वेचायला आधी पाचोळा झाडून घेते,
कंबर धरून शिव्या घालते, पण झाडते.
तिच्या सायसिंगने गलोल दिली नाही,
नुसती छपरात खोचून ठेवली.
तेवढं पुरे.

मी कपाटाचं दार काढून चार पेट्या केल्या.
बायको अहिराणीत जे बोलली ते इथे लिहीत नाही.
पेट्या झाडांना टांगल्या.
एकीत खार राहते, दुसरीत मधमाश्या,
दोन रिकाम्या.
ज्याच्यासाठी केल्या तो फिरकला नाही.
चौतीस वर्षांचं देणं
कपाटाच्या दारात फिटत नसावं.

मृगाच्या आधी नाल्याकाठी
सालईच्या पंचवीस फांद्या रोवल्या.
बकऱ्या अडवायला बोरीचे काटे लावले.
अकरा फुटल्या.
नवी वही आणली आहे, रकाने तेच आखलेत.
जात: सालई.
घेर: अंगठ्याएवढा.
उंची: माझ्या गुडघ्याला, दुखऱ्या.
शेऱ्यापाशी पेन बराच वेळ थांबलं,
मग जुन्याच वळणात लिहिलं:

अजून भरीव आहे.
पोकळ व्हायला शंभरेक वर्षं.
वाट बघणे.