साडेचारशे मिलिमीटर

गावाचं नाव सूर, पण गात कोणी नाही.
रात्रभर एका पट्टीत कंप्रेसर घुमतो, तेवढंच.
खाली मासळीबाजार, वर वाचनालय:
आर्किटेक्टला विमानात सुचलेलं म्हणे,
मला, ड्राफ्ट्समनला, अकरा महिने पुरलेलं.

माझ्या वाट्याला आले मधले साडेचारशे मिलिमीटर.
वास वर चढू नये, पाणी खाली गळू नये,
लिलावाचा गलका वाचणाऱ्याच्या कानी पडू नये.
दारं दोन वेगळ्या रस्त्यांवर,
भांडलेल्या जावांना घर बांधून द्यावं तशी.
डक्टच्या बोळकांडीत फक्त एक लोखंडी शिडी,
दुरुस्तीवाल्यापुरती, पुसट रेघेत काढलेली.

चिलर मात्र एकच. पैसे तेवढेच होते.
"मासा दुपारभरात नासतो, पुस्तक पन्नास वर्षांत,"
पाइप जोडताना हुसेनमिया परकार म्हणाला,
"उकाड्याला काय, घाई नसते."

ऑगस्टात वरचा पाइप फुटला.
जोड माझ्याच नकाशातला, नाकारत नाही.
वीज गेली, शटर अडकलं,
आणि नाखव्यांच्या जुन्या रोजनिश्या
घोटाभर पाण्यात.

ग्रंथपाल नस्रा शिडीच्या तोंडातून ओरडली:
ओली पुस्तकं गोठवायची असतात,
वाळवत बसलात तर उद्या बुरशी!
खल्फान लिलाव करत होता. अर्ध्या बोलीवर थांबला.
थर्मोकोलच्या खोक्यांतली सुरमई
त्यानं ओट्यावर उपडी केली,
आणि आम्ही हातोहात, पायरी पायरी,
झांजिबार, बसरा, मस्कत खाली उतरवत गेलो.
एका पानावर बोट ठेवून नस्रानं वाचलं: जयगड.
कौलं, काथ्या, चारशे नारळ.
मी म्हटलं, पुढचं नंतर वाच, आधी आत ठेव.

त्या रात्री कॅम्पवर सुरमई अर्ध्या भावात.
परकारनं तिखट सढळ हातानं लावलं.

पुस्तकं वाचली. थोडा वास राहिला,
त्याबद्दल वर अजून तक्रार आलेली नाही.

काम संपल्यावरचा नकाशा मी पाठवला,
जे बांधलंय तेच दाखवायचं असतं त्यात.
शिडी या वेळी ठळक रेघेत.
परत आला तो लाल गोल घेऊन:
हिचं प्रयोजन काय?

मी पेन्सिलीला टोक केलं.
बाजूला लिहिलं, वापरात.