उघाडी

ऐरोलीच्या दिवा जेटीवरून निघालो तेव्हा
भरती पुरी व्हायला दीड तास होता.
भांगाची भरती, फार चढत नाही. उधाणात जमलं नसतं.
होडीचं नाव ‘सुलभा’, चांगोकाकाच्या थोरल्या लेकीचं.
इंजिन एका सिलिंडरचं; दोरी ओढली की आधी खोकतं,
मग नाइलाजानं चालू लागतं.

पुलाखाली खांबांना कालवांचं खरबरीत अस्तर,
त्यावर पाणी कुठवर चढतं त्याची काळी रेघ.
काका त्या रेघेकडे बघून वेळ सांगतो.
घड्याळही आहे त्याच्याकडे. ते खिशात, प्लास्टिकच्या पिशवीत.

खाडी सोडून तिवरांच्या गल्लीत वळलो.
निवट्या चिखलावरून उड्या मारत बाजूला होतात,
जणू आम्ही कुणी साहेब.
पंख्यात चिंधी अडकते. काका इंजिन उचलतो,
कोयत्यानं कापतो, परत सोडतो.
तिसऱ्यांदा शिवी देतो.
कुणाला, ते सांगत नाही.

गल्लीच्या टोकाला ती.
दोन दगडी खांब, वर आडवी शिळा,
दाराच्या जागी गंजलेल्या दोन बिजागऱ्या.
माझ्या बापानं सत्तावीस वर्षं राखली ही उघाडी.
राखली म्हणजे काय,
बाहेर भरती चढली की दार धक्क्यानं मिटायचं,
ओसरली की आतलं पाणी ते ढकलून उघडायचं.
बाप नुसता बघत बसायचा
आणि चिंबोऱ्यांनी बांधाला पाडलेली भोकं बुजवायचा.
आई म्हणायची, दाराला नवरा आहे, मलाच नाही.

आत तेव्हा भात होतं, तांबड्या दाण्याचं.
आता साठवण तलाव, काठाला जाळी,
जाळीपल्याड टॉवर.

शिळेखालून पाणी अजून आत धावत होतं.
“थांब रं. पानी पान्याला मिलू दे.”
थर्माकोलचा एक तुकडा आत निघाला होता.
तो हळू झाला, आणखी हळू,
मग बरोबर उंबऱ्यात उभा राहिला,
कुणी चपला काढायला थांबावं तसा.
“आता झोप,” काका म्हणाला.

उताणे झालो दोघं, होडीच्या तळाशी.
शिळा नाकापासून वीतभर वर.
तळवे लावून तिला मागं ढकलायचं,
की आपण पुढं जातो.
पोटाकडून शिळा गुळगुळीत निघाली,
इतक्या जणांच्या हातांनी.
त्यातला बापाचा हात कुठला ते शोधेपर्यंत
वर आभाळ आलं.

मग आम्ही रमलो, ही चूक.
मी बांधाची जुनी वळणं शोधत बसलो,
काका जाळं टाकून दोन बोईटांवर खूश.
पाणी कधी परतलं कळलंच नाही.
होडी एका कुशीवर कलंडली, चिखलात बसली.
“आता पहाटंला,” काका म्हणाला,
आणि भाकरीचं फडकं सोडलं.

टॉवरांत दिवे लागले. एका गच्चीत कुणीतरी
कपडे काढताना आमच्याकडे बराच वेळ बघत होतं.
काका बोटं चाटत म्हणाला,
“मोजणीवाले आले त्या रातीला तुज्या बासानं
दार उचकटून खांद्यावर नेलं.
म्हाईत नाय तुला? तुमचे घरात हाय की.”

आईच्या रांधणीतली फळी.
पावसाळ्यात तिच्यावर मीठ फुलायचं.
आई पुसायची, ते परत फुलायचं.
फ्लॅटमध्ये आणली तेव्हा मी तिच्यावर इन्व्हर्टर ठेवला.

नऊला बायकोचा फोन. बॅटरी अकरा टक्के.
कुठे आहेस विचारलं, आत आहे म्हणालो.
कशाच्या आत, ते तिनं विचारलं नाही.
म्हणाली, इन्व्हर्टरखालची फळी पुन्हा ओलसर लागतेय,
रविवारी भंगारवाल्याला देऊन टाकू का?

मी पाण्याकडे पाहिलं. अजून वळलं नव्हतं.
नको, म्हणालो. पुसूही नकोस.