शेऱ्याचा रकाना

वहीला निळं रेक्झिन, कोपरे फुगलेले.
आत लहानू धोदडेचं अक्षर,
हंगामी मोजणीदार, दहिसर नदी, पुलाखालची पट्टी.
सकाळी आठ : चाळीस सेंटिमीटर.
दुपारी दोन : बेचाळीस.
शेरा : म्हैस पात्रात बसून आहे.

मला शेऱ्याचा रकाना लागत नाही,
तरी उतरवत गेले सगळे :
फेस. फेस. तबेल्याचं शेण.
रंगवाल्यांनी डबे धुतले, पाणी हिरवं.
तळ दिसतो
(हे एकदाच, तेरा वर्षांत).

माझ्या संगणकात जगाचं हवामान
पंचवीस-पंचवीस किलोमीटरच्या चौकोनांत कापून ठेवलंय.
एका चौकोनात अख्खी मुंबई मावते,
थोडं ठाणं, बराचसा समुद्र.
नदी मावत नाही.
तुळशीपासून मनोरीच्या खाडीपर्यंत एवढीशी ती,
चौकोनाला तिचा पत्ता नाही.
म्हणून मी पुलावर येते,
दोरीला शिसं बांधून खाली सोडते,
आणि रिक्षावाले विचारतात, काय पडलं?

खाडीच्या तोंडाशी चांगुणा वैती जाळं विणत होती.
तिला सांगितलं,
हा पूर शंभर वर्षांतून एकदा येणारा.
तिनं सुतळी दातानं तोडली.
म्हणजे आता नव्व्याण्णव वर्षं सुट्टी?
तसं नाही मावशी, मी म्हटलं,
दर वर्षी शंभरात एक शक्यता.
मी तीन पाह्यले, ती म्हणाली.
माझं वय किती धरतेस?

मग तिनंच मला भरती शिकवली.
तिथीची पाऊणपट करायची.
तृतीया असेल तर तीन पाऊण सव्वादोन,
सव्वादोनला खाडी काठोकाठ.
वरून डोंगराचं पाणी त्याच वेळी आलं
तर जायचं कुठं त्यानं?
घरात येतं. दुसरं काय करील.

माझ्या प्रबंधात हेच सोळा पानं घेतं.

तर ती कोरी जागा.
जुलैतला मंगळवार. सकाळी आठ : एकशे दहा.
दुपारी दोन : काहीच नाही.
बुधवार : काहीच नाही.
गुरुवारी सकाळी : पट्टी दिसत नाही. शेरा : पट्टी नाही.

गणितात अशा दिवसाला वगळतात.
साडेचार हजार दिवसांतून दोन गेले,
सरासरीला ओरखडासुद्धा नाही.
फक्त वक्राचं वरचं टोक
हवेत लोंबकळत राहतं,
आणि त्या टोकावरूनच ठरते
उद्याच्या पुलाची उंची.

लहानूचं घर शोधायला दोन रविवार गेले.
सुनेनं फ्रिज सरकवला.
मागे भिंतीवर, वरच्या अंगाला, वीटकरीची रेघ.
त्यावर दोनदा रंग दिलाय,
दोन्ही वेळा रेघेच्या भोवतीनं.
मी नाही मारली, तो म्हणाला, हिनं मारली.
मी माळ्यावर, म्हातारीला धरून.
पाणी सकाळपर्यंत हललं नाही. मग एकदम ओसरलं,
बादलीला भोक पडावं तसं.
किती वाजता? मी विचारलं.
घड्याळ खाली होतं, बाई.

उंबऱ्यापासून रेघेपर्यंत टेप लावला.
एकशे चौऱ्याऐंशी.
चूक धरा दहाची, उंबरा मधे एकदा चढवलाय.

निघताना म्हणाला,
त्या दोन दिवसांचा पगार कापला होता हापिसानं.
नोंद नाही म्हणून.
हसला नाही. तक्रारही नव्हती त्यात.
पेन्शनीची खिडकी कुठली, हे विचारावं
तसं विचारलं,
आता लिहिता येईल का ते?

पुलाची उंची मिळवली, उतार वजा केला,
मंगळवारच्या कोऱ्या घरात आकडा टाकला.
वक्र वळला. शंभर वर्षांचा पूर
बावीस वर्षांचा झाला,
आणि तोही नदीचा स्वभाव पूर्वीसारखाच राहील
असं धरलं तर.
ते तर आता कुणीच धरत नाही.

प्रबंधाच्या तक्त्यात शेऱ्याला जागा नसते.
मार्गदर्शकांनी लाल पेनानं विचारलं : हा आठवा रकाना कशासाठी?
अजून उत्तर दिलेलं नाही.
त्यात लिहिलंय :
मोजणीदार हजर. माळ्यावर.