वशिंड

दुपारी दीडला कावुथा
गाईच्या कुशीकडे बघत श्वास मोजते.
मिनिटाला नव्वद.
जीभ बाहेर, लाळेची तार,
गव्हाण सकाळची तशीच.
थंड मुलखाची काळी-पांढरी कातडी
माकुएनीच्या उन्हात.

म्हणून ती रात्री दोनला उठते,
बांधावरचं ब्राकियारिया कापते.
ठोंबं तिनेच लावलेली, गाढवावरून पाणी आणून.
मुलिंगे हसला होता:
गवत कुणी लावतं का?

अंधारात गाय खाते.
ओल्या पात्यांचा करकर आवाज
घरातल्या झोपेपर्यंत जातो.

बोरान वळूचं वासरू आता महिन्याचं.
कावुथा त्याच्या मानेमागे
अंगठा फिरवते.
काल लागलं होतं हाताला, लिंबाएवढं.
आज वासरू हललं
आणि तिला नक्की सांगता येईना.