दोनशे चाळीस चौरस फूट

तिसऱ्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी
फळ्यांत एक खळगा आहे.
एकच. वीतभर लांब, बशीसारखा गुळगुळीत.
माझ्या टेबलाचा पाय नेमका त्यात जायचा
आणि शिवायला घेतलेली पुस्तकं खिडकीकडं घसरायची.
मी खाली पुठ्ठ्याची घडी सारली. मग आणखी एक.
बाइंडरच्या घरी पुठ्ठ्याला काय तोटा.

नॉर्थम्प्टनमधला हा जोड्यांचा कारखाना.
आता विटा घासून काढल्यात,
मालाच्या लिफ्टमध्ये कॉफी मिळते.
कातडं बेतायचे त्या खात्यात दोघं भाऊ सायकली दुरुस्त करतात.
तळघरात, जिथं तळव्यांचं चामडं भिजत पडायचं,
एक पोरगी पाव आंबवते.
पहिलं वर्षभर, ती सांगते, पावाला बुटांचा वास होता.
शेजारचा ओवेन मोठमोठे निळे चौकोन रंगवतो.
घेत कोणी नाही. येतो मात्र रोज आठच्या ठोक्याला,
पगार कापतील अशा भीतीनं.

जिन्याखाली कलबुतांचं पोतं सापडलं होतं,
लाकडी पावलं, सगळी उजवी.
डाव्यांचं काय झालं कोणाला ठाऊक नाही.
आम्ही वाटून घेतली.
माझं, कागद उडू नयेत म्हणून.

सप्टेंबरात एक दिवस सगळ्यांची दारं उघडी असतात.
लोक येतात, वह्या नाकाशी धरतात, परत ठेवतात.
बेरिल टेबट आल्या. ब्याऐंशी वर्षं, बटणं लावलेला कोट.
वह्यांकडं पाहिलंसुद्धा नाही.
"हे जरा सरकव."
सरकवलं. पुठ्ठे पडले.
त्यांनी डावं पाऊल बुटासकट खळग्यात ठेवलं.
बसलं.
उजव्यानं हवेत दोनदा काहीतरी दाबलं.
"नाडीची भोकं. एकोणीस वर्षं.
उजव्यानं पाडायची, डाव्यावर उभं राहायचं."
मग बाहेर बघत, "ते झाड नव्हतं."

चहा झाला. एक वही उलटीपालटी केली,
शिवण नखानं ओढून पाहिली. निघाली नाही.
"डझनाला काय सुटतं?"
डझन कुठं होतात, म्हटलं.
"मग तासाला?"
हिशेब मी कधी मांडला नव्हता.
तेव्हा मांडला. सांगितला नाही.
"आणि जागेचं?"
चौरस फुटावर असतं. दोनशे चाळीस फूट.
"हा धरून?"
बुटाचं टोक खळग्यावर.
हा धरून.
त्या अशा हसल्या की ओवेन ब्रश घेऊन दारात आला.
"मला इथं उभं राहायचे पैसे मिळायचे, पोरी!"

जानेवारीत भाडं वाढल्याचं पत्र आलं.
ओवेनचे चौकोन भिंतीकडं तोंड करून उभे आहेत,
तो कुठं दुसरीकडं बघतोय.
टेबल मी जागेवर नेलं नाही.
खळ वाळेपर्यंत हाताला काम नसतं, तेव्हा
कधी कधी डावं पाऊल त्यात ठेवून उभी राहते.
माझं लहान आहे.
चहूकडून बोटभर जागा उरते.