थकबाकी

एरंडवण्याच्या वाचनालयात
एकतीस वर्षं मी पावत्या फाडल्या.
थकबाकीदारांना पोस्टकार्ड जायचं:
सभासद महोदय, वर्गणी भरावी.

आता संध्याकाळी फोनवर मारवा, फुकटातला.
विलंबित जरा बसतोय
तोच एक बाई किंचाळते:
गुडघे दुखतात?

दुखतात.
पण हिला कुणी सांगितलं?
मी तर कर्वे रोडच्या केमिस्टकडे
पट्टा विचारला होता,
तोही हळू आवाजात.

भाचा म्हणाला, आत्या,
महिना एकशे एकोणीस. गप्प बसेल ती.
भरले. पावती मागितली, तो हसला.
दोन महिने मारवा सलग,
समेनंतरची शांतताही माझीच.

मार्चची वर्गणी राहिली.
पोस्टकार्ड नाही आलं.
बाईच आली:
गुडघे दुखतात?

म्हटलं, बस जरा.